आलमारी

माझ्या माहेरी, मूर्तिजापूरकडं,
ओल ही विहिरीतली गोष्ट.
कपडे दोरीवर टाकून चहा ठेवायचा,
चहा उतू जाईस्तोवर घड्या करायच्या.

इथं चुलबंदच्या काठी आले
तेव्हा उंबऱ्यापासूनच धान सुरू होत होतं,
बांध्याबांध्यांतून आभाळ साचलेलं.
मला सुंदर वाटलं. मी फोटो काढले.

बाबांनी दिलेली आलमारी
ट्रॅक्टरवरून आली, गोधडीत गुंडाळून.
प्लायवूडची. बाहेरून गुळगुळीत सनमायका,
पाठ मात्र कच्ची, हे फार उशिरा कळलं.
चौघांनी ती भिंतीला अशी लावली
की मध्ये आगपेटीची काडी जाऊ नये.
सगळे म्हणाले, कशी फिट बसली!

रोवणी संपली, पोळा फुटला,
आणि एका दुपारी मी दार उघडलं.
आधी वास :
भिजलं पोतं, झाकून विसरलेला भात.
मग शालूच्या घडीवर पांढरे ठिपके,
मोरेश्वरच्या लग्नातल्या बुटांना हिरवी लव,
आणि वरच्या फळीवर
माझी एनसीसीची टोपी,
एका पावसाळ्यात म्हातारी झालेली.

मी डांबराच्या गोळ्या टाकल्या.
दार घट्ट लावलं, वर चावी फिरवली.
आठ दिवसांनी उघडलं
तर डांबर आणि बुरशी
एकाच चुलीवर सुखानं नांदत होत्या.

सासूबाईंनी पदर नाकाला लावून आत डोकावलं.
"बुरा आला," म्हणाल्या,
नणंद आली म्हणावं तशा.

दुधराम वाढई आला. हत्यार नाही, नुसती बोटं.
आलमारी पुढं ओढवली
आणि फळी सोडून भिंतीवरच टकटक करत
कान लावून उभा राहिला.
"पल्याड काय हाय?"
पल्याड न्हाणी.
तिच्या मोरीला बोटभर भेग.
मोरीतून भिंत प्यायली, भिंतीतून प्लाय,
प्लायमधून पदर.
म्हणजे सात माणसं रोज सकाळी
माझ्या शालूवर आंघोळ करत होती.

"पुसून काई नाई होत," दुधराम म्हणाला,
"आधी तिचं पेनं बंद करा."

मोरी बुजली. भिंत वाळायला
दसरा उलटून गेला. तोवर संसार खाटेवर.
मग चित्राचं खणखणीत ऊन पडलं तशी
आलमारी सांदवाडीत काढली, दारं सताड.
तोंडाला फडकं बांधून मी आतून घासत होते,
आधी कोरडंच ओढलं तर भुकटी उडून नाकात गेली,
म्हणून शिरक्यात भिजवलेल्या चिंधीनं,
कोपरे जुन्या ब्रशनं, फळ्यांच्या खाचा काडीनं.
शालू तणसाच्या ढिगावर उलटा पसरला.
एक डाग गेला नाही. तो निरीच्या आत जाईल,
कुणाला दिसणार नाही, मला माहीत असेल.

सासूबाई टोपी मांडीवर घेऊन बसल्या,
दात घासायच्या ब्रशानं हलकेच,
लेकराचं डोकं विंचरावं तशा.
"हे घालून काय करत होतीस?"
"परेड."
"म्हंजे?"
म्हणून मी शेणसड्यावर चालून दाखवलं,
हातात चिंधी, साडी खोचलेली,
डावा, उजवा, डावा, वळ.
कोंबड्या बाजूला झाल्या.
त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या,
"मंग गावात काऊन वाकून चालते?"

आता आलमारी विटांवर उभी आहे,
भिंतीपासून वीतभर पुढं,
पाहुण्यांना ती खोलीत आलीशी वाटते.
तळाशी डब्यात चुन्याच्या कळ्या,
त्या फुटून पीठ झाल्या की समजायचं, पोट भरलं, बदला.
उन्हाच्या दिवशी दारं उघडी.
अर्धवट वाळलेलं काही आत जात नाही,
मोरेश्वरचा रुमालसुद्धा नाही.

तरी झोपायच्या आधी
त्या वीतभर फटीत हात घालते,
भिंतीवर तळवा ठेवते.
आज कोरडी वाटली.
की माझाच हात ओला होता,
भांडी घासून आलेला?
पुसला. पुन्हा ठेवला.